प्रमाण बोट

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईची खोली आणि लिफ्टची मोटर यांच्या मधल्या जागेत यंत्रदुरुस्तीचा विभाग होता. त्या विभागातलं सर्वांत जुनं, सर्वांत भरवशाचं आणि स्वतः कधीही दुरुस्तीला न आलेलं यंत्र म्हणजे तिथल्या मिस्तरीच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट.

या बोटाचं काम असं. वॉर्डात पेशंटच्या बोटाला चिमटा लावतात आणि शेजारच्या डबीवर आकडा उमटतो, तो ऑक्सिमीटर. चिमट्याच्या एका जबड्यातून लाल उजेड निघतो, त्याच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारा आणखी एक, आणि दोन्ही बोटातून आरपार जाऊन पलीकडच्या जबड्यात पोचतात. रक्तात ऑक्सिजन भरपूर असेल तर लाल उजेड जास्त पोचतो, कमी असेल तर वाटेतच अडतो. यावरून यंत्र हिशेब करतं. सुई नाही, रक्त नाही, पेशंटची कुरकूर नाही. धडधाकट माणसाचा आकडा शंभरच्या जरासा अलीकडे असतो. मिस्तरीचा अठ्ठ्याण्णव यायचा. उपाशीपोटी अठ्ठ्याण्णव, जेवल्यावर अठ्ठ्याण्णव, वरिष्ठांनी झापल्यावर अठ्ठ्याण्णव आणि सासरे वारले त्याच्या दुसऱ्या दिवशीही अठ्ठ्याण्णव. ही शेवटची गोष्ट बायकोला कळली तेव्हा तिला ती फारशी आवडली नाही.

सगळं हॉस्पिटल त्याला अठ्ठ्याण्णवच म्हणायचं. त्याचं खरं नाव पगारपत्रकात असावं.

वॉर्डातून यंत्र आलं की तो ते उघडायचा, पुसायचा, वायरी बदलायचा, पुन्हा बंद करायचा, आणि शेवटी बोट घालायचा. अठ्ठ्याण्णव आला तर हिरवा स्टिकर, नाही आला तर लाल स्टिकर आणि फळी. स्टिकरांची तिसरी गुंडाळी पिवळी होती. पिवळ्याचा अर्थ, 'चालतं, पण लक्ष ठेवा'. ती गुंडाळी आली तशी प्लास्टिकमध्ये बंद होती. अठ्ठ्याण्णवचं म्हणणं, यंत्र एक तर चालतं नाही तर चालत नाही. मधलं असतं ते फक्त कमिटीचं मत.

लाल स्टिकरचा एक नियम होता आणि तो त्यानेच घातला होता. ज्यानं यंत्र वापरायचं त्यानं लाल स्टिकर काढायचा नाही. ज्यानं लावला त्यानंच तपासून काढायचा. एकदा एका वॉर्डात कुणीतरी घाईत लाल स्टिकर सोलून यंत्र पेशंटला लावलं, तेव्हा हा वर गेला आणि पेशंटच्या खाटेशेजारी स्टूल टाकून बसला. काही बोलला नाही. नुसता यंत्राकडे बघत बसला. पेशंटलाच भीती वाटायला लागली, तेव्हा यंत्र परत मिळालं. पुढे कुणी स्टिकरच्या वाटेला गेलं नाही.

कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रंही त्याच्याकडेच यायची. त्यातल्या एका प्रकारात नळीत श्वास सोडायचा. दुसरा प्रकार मुख्यतः नवजात बाळांच्या वॉर्डातला. बाळाच्या अंगावर एक छोटी चकती चिकटवायची. ती कातडी थोडी गरम करते, खालचं रक्त वर येतं आणि रक्तातले वायू कातडीतून झिरपून चकतीपाशी पोचतात. बाळाला पुन्हापुन्हा टोचावं लागत नाही. फक्त चकती एकाच जागी फार वेळ ठेवायची नाही, नाही तर भाजतं. अठ्ठ्याण्णव ती स्वतःच्या हातावर चिकटवून तपासायचा. तिथे त्याचा आकडा चाळीस. कामात गुंतला की चकती हलवायला विसरायचा, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत नाण्याएवढे लाल गोल उठलेले असत. एका शेजारणीने ते पाहून त्याच्या बायकोला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुमचं भांडण होतं तेव्हा तुम्ही पळी तापवता का हो?"

"नाही," बायको म्हणाली. "अजून नाही."

वर्षापूर्वी विभागात एक नवी इंजिनियर आली होती. तिच्या पाठोपाठ तिने मागवलेली एक पेटी आली. पेटीत रबराचं नकली बोट होतं. पेटीवर आकडा लावायचा, बोट तसा उजेड सोडतं, आणि यंत्र तो आकडा बरोबर दाखवतं का ते बघायचं. अठ्ठ्याण्णवने पेटी रीतसर तपासायला घेतली. पेटी अठ्ठ्याण्णववर लावली आणि यंत्राला जोडली. यंत्राने सत्त्याण्णव दाखवलं. मग त्याच यंत्रात स्वतःचं बोट घातलं, अठ्ठ्याण्णव. त्याने पेटीला लाल स्टिकर लावला आणि कपाटात ठेवून दिली.

"अहो काका, एवढा फरक चालतो," इंजिनियर म्हणाली.

"तुझ्या पेटीला चालत असेल."

"पण सगळीकडे पेटीवरच तपासतात."

"त्यांच्याकडे बोट नसेल," अठ्ठ्याण्णव म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरोखरच त्या लोकांची कीव आली होती.

तळघरातली लिफ्ट पुष्कळ काळ बंद होती आणि तो रोज जिन्याने चढ-उतार करायचा. लिफ्टवाल्यांनी हात टेकले तेव्हा शेजारच्या मोटरीची किरकिर असह्य होऊन त्यानेच ती एका दुपारी दुरुस्त केली. तेव्हापासून तो लिफ्टने जाऊ लागला आणि हळूहळू सुटू लागला. आधी पोट, मग मान, मग सगळाच. बायकोने पँटी उसवून रुंद केल्या, आणि शिलाईत कापड संपलं तेव्हा नव्या घेतल्या. अंगातलं एकंदर यंत्र बदलत चाललं होतं, पण बोट तेवढंच होतं, त्यामुळे त्याला काळजीचं कारण दिसलं नाही.

मग एक दिवस दुरुस्त केलेल्या एका ऑक्सिमीटरने पंच्याण्णव दाखवला.

त्याने तो पुन्हा उघडला, जबडे पुसले, चिमटा बदलला. पंच्याण्णव. लाल स्टिकर. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या यंत्रावर चौऱ्याण्णव. मग तिसऱ्यावर त्र्याण्णव, चौथ्यावर तोच, आणि फळी भरायला लागली. अठ्ठ्याण्णव शांतपणे कारणं शोधू लागला. आधी चिमट्यांची खेप खराब निघाली. मग विजेचा दाब कमी-जास्त व्हायला लागला. मग खोलीतल्या नव्या दिव्यांचा उजेड चिमट्यात शिरत असल्याचा संशय आला, म्हणून त्याने दिवे काढले आणि विभाग संधिप्रकाशात काम करू लागला. बोट गार पडलं की आकडा चुकतो, हे खरंच आहे. म्हणून तो चहाच्या पेल्यात बोट बुडवून मग चिमट्यात घालू लागला. चहा तसाच राहायचा. आकडा एक्क्याण्णव यायचा.

घरी वेगळीच लक्षणं होती. सकाळी उठला की डोकं ठणकायचं. जेवताना घास तोंडाशी नेता नेता डोळे मिटायचे. बुटाची नाडी बांधून झाली की तो जरा वेळ वाकलेलाच राहायचा, जणू नाडीशी आणखी काही बोलायचं बाकी आहे. इमारतीच्या जिन्याच्या वळणावर त्याने एक स्टूल आणून ठेवलं होतं, 'म्हाताऱ्या माणसांसाठी', आणि त्यावर तो एकटाच बसायचा.

सुट्टीच्या दुपारी तो झोपला की घोरायचा, आणि मधेच घोरणं थांबायचं. ते थांबलं की बायको आतून यायची आणि त्याच्या नाकाखाली तळहात धरायची. हात गरम लागेपर्यंत तशीच उभी राहायची. मग परत आत जायची. हे मोजमापाचं साधन सर्वांत जुनं असून त्याला आजवर कुठलाही स्टिकर लागलेला नाही.

"अहो, डॉक्टरांना दाखवा," ती म्हणायची. "अख्खं हॉस्पिटल आहे की तुमच्या डोक्यावर."

"दाखवायला काय झालंय मला? थकवा आहे. सगळी यंत्रं एकदम बिघडली आहेत, काम वाढलंय."

"एकदम सगळी?"

"तेच तर म्हणतोय. पाणी कुठंतरी मुरतंय."

बाळांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर खाली आल्या तेव्हा फळीवर जागा उरली नव्हती आणि यंत्रं जमिनीवर एकावर एक रचलेली होती. मोठ्या सिस्टर लहानखुऱ्या होत्या, पण त्या दारात उभ्या राहिल्या की दार भरायचं.

"अहो अठ्ठ्याण्णव, माझं चकतीचं यंत्र कुठाय?"

"ते लाल आहे, सिस्टर."

"नुसती वायर तुटली होती त्याची! वायर जोडायला पाठवलं, तर तुम्ही ठेवूनच घेतलंत. शेजारच्या वॉर्डातून उसनं आणून काम चालवतेय मी. त्या बायका एक यंत्र देतात आणि हजार बोलतात."

"वायर जोडली. पण ते बावन्न दाखवतंय. माझा चाळीस असतो."

"मग?"

"मग काय मग? तुम्हीच सांगा. ज्याच्या अंगात एवढा कार्बन डायऑक्साइड साठलाय तो माणूस असा बसून तुमच्याशी बोलेल?"

मोठ्या सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं. ओठांचा रंग पाहिला, छातीचं वरखाली होणं पाहिलं, चहात बुडवलेलं बोट पाहिलं.

"तुम्ही बसलेले नाही," त्या म्हणाल्या. "भिंत आहे म्हणून टेकलेले आहात. आणि एवढं वाक्य बोलताना तुम्ही दोनदा थांबलात. माझ्याकडचं बाळ असं करायला लागलं ना, तर मी यंत्राला दोष देत बसत नाही. धावत सुटते. उद्या झोपलात आणि उठलाच नाहीत, तर या ढिगाचं काय करायचं तेवढं लिहून ठेवा."

"यंत्र मिळेल तुम्हाला. बरं झालं की मिळेल."

"कोण बरं झालं की?" असं विचारून त्या गेल्या.

इंजिनियर कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिने फळीवरचा एक ऑक्सिमीटर उचलला, स्वतःचं बोट घातलं आणि डबी त्याच्यापुढे धरली. अठ्ठ्याण्णव. दुसरा उचलला. अठ्ठ्याण्णव. तिसरा, चौथा. मग तिने पाचवा त्याच्या बोटाला लावला. एक्क्याण्णव.

अठ्ठ्याण्णवने चिमटा बोटातून काढून ठेवला.

"तुला इथे येऊन किती दिवस झाले?"

"वर्ष झालं असेल."

"आणि हे बोट इथे कधीपासून आहे, माहितेय?"

"काका, बोटांमध्ये सीनियर-ज्युनियर नसतं हो!"

"तुझ्या बोटाची कधी कुणी तपासणी केलीये? नाही. मग त्याच्या भरवशावर मी बाळांना यंत्र द्यायचं?" तो म्हणाला, आणि तिच्या बोटाकडे त्याने ज्या नजरेनं पाहिलं ती साधारणपणे चोरबाजारातल्या सुट्या भागांसाठी राखून ठेवलेली असे.

इंजिनियरने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. वरिष्ठांकडे जायचं तिच्या मनात आलं होतं. पण वरिष्ठ स्वतः कुठल्याही यंत्राच्या कागदावर 'अठ्ठ्याण्णव यांनी तपासलेले' एवढं वाचून सही करायचे. त्यांना काही सांगायचं तर आधी बोट म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती. तिने दुसरं केलं. लाल स्टिकरचा एक ऑक्सिमीटर तिने त्याच्या पिशवीत घातला आणि म्हणाली, "काका, हा घरी नेऊन शांतपणे बघा. इथे विजेचा दाब ठीक नाही म्हणता ना." हे त्याला पटलं. त्याच्या स्वतःच्या म्हणण्याशी जुळणारं कुठलंही म्हणणं त्याला पटत असे.

रविवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि ऑक्सिमीटर सुटा करून पुन्हा जोडला. घरची वीज, घरचा उजेड, गरम पाण्याने धुतलेलं बोट. एक्क्याण्णव. तो हात पुसायला उठला, तेवढ्यात बायकोने खुर्ची ओढून बोट चिमट्यात सारलं.

"अगं, राहू दे ते!"

"अठ्ठ्याण्णव आला," बायको म्हणाली. "हा तुमचाच ना?"

त्याने येऊन पाहिलं. चिमटा काढून पुन्हा लावला. अठ्ठ्याण्णव. तेवढ्यात पळीवाली शेजारीण चाळणी परत द्यायला आली. तिचंही बोट घेण्यात आलं. सत्त्याण्णव. "भाजणार नाही ना?" तिने तीनतीनदा विचारून खात्री करून घेतली. मग वरच्या मजल्यावरचे पेन्शनर आजोबा आले, काय चाललंय ते बघायला. शहाण्णव आला म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट घालून बघितलं, आणि तिथेही शहाण्णवच आला तेव्हा थोडे खट्टू होऊन गेले.

अठ्ठ्याण्णव खुर्चीत बसला.

"हे यंत्र ढिलं पडलंय," तो म्हणाला. "कुणालाही वाटेल तो आकडा वाटत सुटलंय."

"आणि तुम्हाला तेवढं एक्क्याण्णव? यंत्राशी तुमचं वैर आहे?"

"ते बघायला लागेल."

"काय बघायचं? अहो, फळीवरची सगळी यंत्रं एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला. तुमच्याकडे यंत्रांचा ढीग आला असता आणि त्यातल्या एकानंच वेगळा आकडा दाखवला असता, तर लाल स्टिकर तुम्ही कुणाला लावला असता? ढिगाला?"

त्याच्याकडे बोलण्यासारखं होतं, पण एवढ्या लांबीच्या वाक्याला श्वास पुरला नसता.

बायकोने त्याची पिशवी ओढली. लाल गुंडाळी काढली, दातांनी एक स्टिकर तोडला आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवला. अंगठ्याने चारी कोपरे नीट दाबले. हे तिने त्याला करताना बघितलेलं होतं. स्टिकरवर छापलं होतं, 'नादुरुस्त. वापरू नये.'

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"खबरदार," बायको म्हणाली. "ज्यानं वापरायचं त्यानं काढायचा नाही. नियम कुणाचा? मी दर सुट्टीच्या दुपारी हात धरून बघते नाकाखाली. माझा हात दुखायला लागलाय आता."

अठ्ठ्याण्णवचा हात खिशाशी थबकला आणि खाली आला. आयुष्यात त्याने डॉक्टरांचं, वरिष्ठांचं आणि खुद्द बायकोचं कितीतरी ऐकलेलं नव्हतं. पण लाल स्टिकरपुढे त्याला काही सुचेना. त्याने दुपारभर तोच शर्ट घातला, आणि सोमवारी सकाळीही तोच घालून, स्टिकरसकट, लिफ्टने तळघरात न जाता छातीच्या डॉक्टरांच्या मजल्यावर गेला. लिफ्टमधल्या लोकांनी स्टिकर वाचला आणि जरा अंग चोरून घेतलं.

छातीचे डॉक्टर हळू आवाजात बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी त्याला दुपारचं जेवून झोपायला सांगितलं आणि झोपेत मोजायचं ठरवलं. मोजायला चकतीचं यंत्र हवं होतं. हॉस्पिटलात असलेली एकूण एक चकतीची यंत्रं एक तर कामात गुंतलेली होती किंवा तळघरात लाल होऊन पडलेली होती. शेवटी इंजिनियर खालून मोठ्या सिस्टरचं यंत्र घेऊन आली.

"ते लाल आहे," खाटेवरून अठ्ठ्याण्णव म्हणाला.

"तुम्हीपण," इंजिनियर म्हणाली, आणि चकती त्याच्या हातावर, जुन्या गोलांच्या मधे सापडलेल्या रिकाम्या जागी चिकटवली.

जागेपणी बावन्न. झोप लागली तसा आकडा वर सरकत गेला आणि सहासष्टवर जाऊन थांबला; बोटावरचा ऑक्सिजन त्याच बेताने खाली उतरला. डॉक्टरांनी खात्रीसाठी एकदा मनगटातून रक्त काढून ताडून पाहिलं. यंत्र बरोबर होतं.

"वजनामुळे छाती पुरती उघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "श्वास उथळ पडतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. एरवी मेंदू आरडाओरडा करतो, जोरात श्वास घ्यायला लावतो. तुमच्या मेंदूला हळूहळू सवय झाली. जुना आकडा सोडून त्यानं नवीन धरला, आणि गप्प बसला."

"कुणाला न विचारता?"

"मेंदू विचारत नाही."

अठ्ठ्याण्णवला हे फार लागलं. यंत्रं फिरली असती तर समजण्यासारखं होतं. पण आपल्याच डोक्यात कुणीतरी बसून परस्पर प्रमाण बदलावं आणि खाली विभागाला कळवूही नये, हा प्रकार त्याला शिस्तीचा वाटला नाही.

झोपताना नाकावर लावायचा मुखवटा आणि हवा ढकलणारं एक यंत्र मिळालं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, आणि तो हॉस्पिटलात पुन्हा जिन्याने जाऊ लागला. घरच्या जिन्यातल्या स्टुलावर सुरुवातीला दर खेपेला बसायचा, मग एकाआड एक, मग ते स्टूल खरोखरच म्हाताऱ्या माणसांसाठी उरलं. डोकं दुखायचं थांबलं. जेवताना तो जागा राहू लागला, त्यामुळे स्वयंपाकातल्या चुका काढू लागला. बायकोने तेही चालवून घेतलं.

विभागात परत आला तेव्हा त्याने पहिल्यांदा कपाट उघडून रबरी बोटाची पेटी काढली. तिच्यावरचा लाल स्टिकर त्याने स्वतः लावला होता, त्यामुळे काढायचा अधिकारही त्याचाच होता. तो त्याने नखाने अलगद सोलला. मग फळीवरचं एकेक यंत्र पेटीवर तपासून हिरवं केलं. मोठ्या सिस्टर ट्रॉली घेऊन स्वतः आल्या, सगळं मोजून घेतलं, आणि जाताना म्हणाल्या, "आता ओठ बरे दिसतात. पण चहात बोट घालायची सवय मोडा."

फळी रिकामी झाल्यावर अठ्ठ्याण्णवने इंजिनियरपुढे बोट धरलं.

"माझं बघ."

तिने आधी पेटीवर यंत्र ताडलं, मग चिमटा त्याच्या बोटाला लावला. दोघंही आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. पंच्याण्णव.

"डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हा उत्तम आहे," इंजिनियरने हिरवी गुंडाळी उचलली. "देऊ?"

"पंच्याण्णवला मी कधी हिरवा दिलाय?"

"मग लालच ठेवायचा काय आता जन्मभर?"

मग उठून त्याने ड्रॉवरच्या तळातून पिवळी गुंडाळी काढली, तिचं प्लास्टिक फाडलं आणि पहिला स्टिकर तिच्या हातात दिला. इंजिनियरने तो त्याच्या खिशावर लावला. चारी कोपरे त्याने स्वतःच दाबले.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं आणि खिशाकडे पाहिलं.

"हा कसला?"

"पिवळा. चालतो, पण लक्ष ठेवावं लागतं."

"हा तर लग्नाच्या दिवशीच लावायला हवा होता," बायको म्हणाली, आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली.

लाल स्टिकरचा शर्ट तिने अजून टाकलेला नाही. तो काढायचा अधिकार तिचा आहे, आणि तपासणी पूर्ण झाली असं तिला अजून वाटत नाही. दुपारी तो मुखवटा लावून झोपला की ती सवयीने येते, नाकाखाली हात धरायला जाते, मुखवट्याला हात लागतो. मग ती थोडा वेळ यंत्राची घरघर ऐकते आणि परत आत जाते.